साभार परत न येणारे

उताऱ्याखाली ‘साभार’ लिहिलं की उचलेगिरीचं पाप धुतलं जातं, अशी आपल्याकडे गाढ श्रद्धा आहे. वर ‘पुलंनी म्हटल्याप्रमाणे’, खाली ‘साभार’, मध्ये चार पानं पुलं. लेखकाचं स्वतःचं एवढंच, की नाव त्याचं छापून येतं आणि मानधन त्याच्या खात्यावर जातं. २००० साली गेलेल्या लेखकाच्या लिखाणावरचा हक्क कायदा २०६० अखेरपर्यंत राखतो, हे या भाविकांच्या गावीही नसतं.

त्यांनी लखनौच्या एका प्रकाशकाचा दावा जरूर वाचावा. तिथली ईस्टर्न बुक कंपनी १९६९ पासून ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ हा निकालसंग्रह काढते. निकाल कोणीही छापावेत, अशी मुभा कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्येच आहे. तरी इतरांनी आपल्या संग्रहातून निकाल उचलून सीडीवर घातले म्हणून कंपनी कोर्टात गेली. १२ डिसेंबर २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मूळ निकाल सर्वांचा. शुद्धलेखन सुधारलं, स्वल्पविराम घातले, यात घाम गेला असेल, पण हक्क मिळत नाही. हे कष्टकऱ्यावर अन्याय केल्यासारखं वाटेल. पण स्वल्पविरामाने मालकी मिळू लागली, तर देशाचा न्याय मुद्रितशोधकांच्या नावावर चढेल. मात्र हेडनोट (निकालाच्या डोक्यावरचा सारांश), तळटिपा, सलग मजकुराचे परिच्छेद पाडून घातलेले क्रमांक, कोणते न्यायमूर्ती सहमत आणि कोणते असहमत याची नोंद, हे सगळं कंपनीचं. कारण त्यासाठी निकाल आधी समजावा लागतो. (ही अट आपल्या उताराबहाद्दरांना लावली तर रविवारच्या पुरवण्या कोऱ्या निघतील.)

‘मग किती शब्द चालतात, ते सांगा ना!’ कायद्यात आकडाच नाही. तो हेतू विचारतो: खासगी अभ्यास, टीका किंवा परीक्षण, चालू घडामोडींचं वार्तांकन. ओळीओळीशी झटापट करणाऱ्या समीक्षकाला छोटी कविता आख्खीही घेता येईल. नुसती जागा भरणाऱ्याला एक कडवंही महाग पडावं. ‘पण लेखकाची प्रसिद्धीच होते की!’ होते, आणि सगळं मर्म तुमच्याच लेखात वाचायला मिळाल्यावर त्याचं पुस्तक दुकानातच राहतं. तेव्हा उताऱ्याबद्दल स्वतःचं सांगण्यासारखं काही नसेल, तर उतारा घेऊ नका. लखनौच्या कंपनीच्या त्या निवाड्याचा हवाला मात्र बिनधास्त द्या. तो ‘(२००८) १ एससीसी १’ असा देतात, म्हणजे त्याच कंपनीच्या संग्रहाचा २००८ मधला पहिला खंड, पान पहिलं.