वड्ड रामाच्या गावात

भक्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव काहीही असो, पहिला नियम ठरलेला असतो: इथे वादविवाद नको. सकाळी कमळावर एक सुविचार येतो आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागते. मग कुणीतरी विचारतं, हे वचन खरंच त्या संतांचं आहे का? झालं! ग्रुप सोलापुरी असला तर 'काय बे, सकाळी सकाळी' इथून सुरुवात होते, दुपारपर्यंत प्रकरण विचारणाऱ्याच्या घराण्यापर्यंत पोचतं आणि संध्याकाळी ॲडमिन कुलूप घालतो. आता लिहील तो फक्त ॲडमिन.

ॲडमिनची मला दयाच येते. उद्या कुणाच्या तरी लग्नात त्याला दोन्ही पक्षांच्या पंगतीत वाढायचं असतं. पण सोलापुरात बसून 'देवाधर्मात मतभेद नको' म्हणणं तसं अवघड आहे. इथल्या ग्रामदैवताच्या, सिद्धेश्वर ऊर्फ सिद्धरामांच्या, कथेलाच एका जाहीर भांडणाने वळण दिलंय.

१२ वं शतक. गावाचं नाव सोन्नलगी, म्हणजे आजचं सोलापूर. सिद्धरामांनी लोकांना पाणी मिळावं म्हणून तळं खोदायला घेतलेलं, गावाभोवती ६८ लिंगं स्थापलेली. गाव गुरूंवर खूश. अशात बसवेश्वरांच्या शरण परंपरेतले अल्लमप्रभू हिंडत तिथे आले आणि कामावरच्या माणसांना म्हणाले, तुमचा तो वड्ड राम कुठंय? वड्ड म्हणजे दगडमाती उपसून पोट भरणारा. (कष्टालाच पूजा मानणाऱ्या शरणांच्या कथेत हा शब्द टोमणा म्हणून यावा, हे मला खटकतं.) शिष्यांनी काम टाकलं आणि दगड उचलले. गुरूही तापून आले. 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथात तर त्यांनी तिसरा डोळा उघडल्याचं वर्णन आहे.

म्हणजे ग्रुपवर जे जे होतं, ते सगळं झालं. फक्त कुणी कुणाला बाहेर काढलं नाही. दोघं बोलत बसले. बाहेर तळी-देवळं बांधत सुटलास, आत काय उभं केलंस, असा अल्लमप्रभूंच्या बोलण्याचा रोख. सिद्धरामांनी आपली बाजू मांडली, त्यांची ऐकली, आणि अखेर ज्यांनी टोमणा मारला त्यांच्याबरोबरच कल्याणला, शरणांच्या चर्चासभेत म्हणजे अनुभवमंटपात गेले.

तिथे आरती ओवाळून स्वागत झालं असेल, असं वाटतं ना? शरण अंगावर धारण करतात ते इष्टलिंग का नाही, म्हणून तिथेही प्रश्नच. शरण कवयित्री अक्कमहादेवीलाही अल्लमप्रभूंनी भर सभेत असंच उलटसुलट विचारलं आणि तिने तितक्याच ठामपणे उत्तरं दिली. मंगळवेढ्याहून कल्याणला गेलेले बसवेश्वर हे सगळं चालू देत होते. गंमत पुढेच आहे. हे संवाद १५ व्या शतकात पहिल्यांदा 'शून्यसंपादने'त गुंफले गेले, नंतरच्यांनी ते आपापल्या मताप्रमाणे पुन्हा रचले, आणि सिद्धरामांनी इष्टलिंगाची दीक्षा घेतली की नाही यावर या संकलनकारांचंच एकमत नाही. मतभेदांचा ग्रंथ, त्याच्या रचनांमध्येही मतभेद, आणि तरी पूज्य.

तेव्हाचा मतभेद महाग होता, हे मात्र खरं. अल्लमप्रभूंना सोन्नलगीपर्यंत चालत यावं लागलं, समोर दगड घेतलेली माणसं पाहावी लागली, उत्तर मिळेपर्यंत थांबावं लागलं. आता टोमणा टाकून माणूस आंघोळीला जातो आणि बाहेर येईपर्यंत कोणावर टाकला ते विसरलेला असतो. ॲडमिनची भीती उगाच नाही.

पण कुलपाने मिळणारी शांतता कोणाच्या सोयीची असते? बहुधा जो आधीच गाभाऱ्यात उभा आहे त्याच्या. याच जिल्ह्यात, पंढरपुरात, मे १९४७ मध्ये साने गुरुजी विठ्ठलाचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून उपोषणाला बसले, तेव्हाही 'धर्मात ढवळाढवळ नको' म्हणणारे होतेच. गुरुजींनी त्यांचं ऐकून गप्प राहायचं ठरवलं असतं, तर पंढरी फार शांत राहिली असती.

तेव्हा ॲडमिनसाहेब, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेआधी कुलूप काढा. अटी घालाच. समोरच्याचा मजकूर शेवटपर्यंत वाचल्याशिवाय लिहायचं नाही, लिहिल्यावर उत्तर येईपर्यंत पळायचं नाही, आणि कुणाची जात काढली तर मात्र खुशाल हाकला. मतभेदाने देव लहान होईल ही काळजी सोडा. ज्यांना वड्ड म्हणून हिणवलं, तेच सिद्धराम पुढे शरण चन्नबसवण्णांनंतर कल्याणच्या शून्यपीठावर, म्हणजे अनुभवमंटपाच्या अध्यक्षपदी, बसले, असं परंपरा सांगते.