दप्तर मुलांनाच भरू द्या

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि नागपुरात घरोघरी तीच धांदल सुरू होते. दाराशी ऑटोवाले काका हॉर्न वाजवताहेत, चौथीतला मुलगा सोफ्यावर बसून बूट चढवतोय आणि आई वेळापत्रक बघत त्याचं दप्तर भरतेय. गणिताची वही सापडत नाही, कंपासपेटीत पेन्सिल आहे तर खोडरबर नाही. शोधायचं आईने, वैतागायचंही आईनेच. मुलाच्या डोक्याला यात कामच उरत नाही.

वही विसरल्याची तक्रार शाळेतून आली, की बोलणी मात्र त्यालाच. हा अन्याय आहे. आधी काय करायचं, काय लक्षात ठेवायचं, मोह कुठे आवरायचा, हे सांभाळणारा मेंदूचा भाग कपाळामागे असतो आणि तो सगळ्यात उशिरा, पार पंचविशीच्या आसपास पक्का होतो. दहा वर्षांचं पोर विसरणारच! त्याला हलगर्जी म्हणू नका, पण त्याचा सरावही हिरावून घेऊ नका. हा भाग वापरानेही घडत जातो.

मुलांना जमत नाही म्हणता? २०१६ साली चंद्रपुरात सातवीतल्या दोन मुलांनी दप्तराच्या ओझ्यावर चक्क पत्रकार परिषद घेतली. रोज किती वह्या-पुस्तकं न्यावी लागतात, वजन किती भरतं, सगळं मुद्देसूद मांडलं. आपल्या शेजारच्या वर्ध्यात १९३७ च्या शिक्षण परिषदेतून नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याची पद्धत, निघाली, तीही मुलांवरच्या अशाच भरवशाने. तिच्या सेवाग्रामच्या शाळेत सूतकताई, सफाई, शेती, स्वयंपाक ही मुलांची कामं होती. आज आपण त्यांना पाण्याची बाटलीही भरू देत नाही.

यात शाळांचाही वाटा आहे. गृहपाठ रात्री पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. मग वर्गात कान देऊन ऐकायची, लिहून घ्यायची मुलाला गरजच काय? त्याची स्मरणशक्ती आईच्या मोबाइलमध्ये जाऊन बसते.

सर, मॅडम, गृहपाठ फळ्यावर लिहा आणि मुलांना तो डायरीत उतरवू द्या. आईबाबांनो, वेळापत्रक मुलाच्या हाती लागेल इतक्या उंचीवर चिकटवा, रात्री जेवणानंतर दप्तर त्यालाच भरायला सांगा. पहिले काही दिवस वही राहील. राहू द्या, शाळेत नेऊन देऊ नका.