तीसपट साडू

आमच्या साडूंनी पिंपरीच्या एका कारखान्यात 31 वर्षं इन्स्पेक्शनला काढली. नापास जॉबला लाल रंगाचा ठिपका लावायचा, हे काम. निवृत्तीनंतर ठिपका लावायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी फंडाच्या पैशातून साडेचार लाखांचं स्विस घड्याळ घेतलं. (कंपनीचं नाव सांगत नाही. तिला साडूंची पत्रं गेलीच आहेत.)

घड्याळ आलं त्या संध्याकाळी आम्ही पेढे घेऊन गेलो. साडू गॅलरीत, डोळ्याला भिंग. घड्याळावरचं प्लास्टिक जागच्या जागी, कारण ते काढलं की दुकानदार परत घेत नाही.

"या. बाराच्या पट्टीत काही दिसतंय?"

मला चकचकीत पट्टी दिसली.

"नीट बघा."

पुन्हा तीच दिसली.

"डावीकडे झुकलीय," साडू म्हणाले. दशक्रियेची वेळ कळवावी तसा आवाज.

"पोहे निवताहेत!" आतून मेहुणीबाई.

गंमत म्हणजे घड्याळ रोज दोन सेकंद पुढे जातं, त्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. स्विस क्रोनोमीटरचा दाखला दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे, एवढी मुभा देतोच. वेळेला मुभा आहे, पट्टीला नाही. हिऱ्याला पारखीसुद्धा दहापट भिंगाखाली डाग दिसला नाही की निर्दोष म्हणून सोडून देतो. साडूंचं भिंग तीसपट. त्याखाली तर माझा अंगठाही नापास झाला. मी गपचूप खिशात घातला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी चावी फिरवून फिरवून तारखा तपासल्या. एका बैठकीत अख्खा जानेवारी संपवला. सगळे आकडे खिडकीच्या मध्यभागी, फक्त 28 उजवीकडे सरकलेला. शोरूममधल्या हातमोजेवाल्या पोराने विचारलं, "काका, महिन्यातून एकच दिवस ना?" त्यावर साडूंनी त्याला बेअरिंगच्या टॉलरन्सवर पाऊण तास ऐकवलं. पोराने घड्याळ बदलून दिलं. मला वाटतं, घरी जायची वेळ झाली होती.

दुसऱ्या घड्याळात काहीच सापडेना. साडूंची झोप उडाली. मनगटावर मात्र लग्नातलं एचएमटी, ज्याच्या काचेवर इतके ओरखडे की वेळ अंदाजाने सांगावी लागते. आणि एके रात्री अडीचला त्यांचा फोन आला: "सापडला! कडेवर, चारच्या खाली. केसाएवढा!"

सकाळी मी जाऊन पाहिला. ओरखडा खराच होता, ताजा होता, आणि भिंगाच्या पितळी कडेच्या गोलाईशी तंतोतंत जुळत होता. मी काही बोललो नाही. मेहुणीबाई बोलल्या.

शोरूमने या खेपेला घड्याळ बदलून दिलं नाही. साडूंनी भिंग बदललं. नव्याची कड प्लास्टिकची आहे.