रुमालाखालची गाडी

पैसे वाचवण्याच्या दोन रीती मला माहीत आहेत. साताऱ्याची रीत म्हणजे वस्तू घ्यायचीच नाही. सांगलीची रीत म्हणजे वस्तू घ्यायची, पण विकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आल्याशिवाय घ्यायची नाही. माझा जन्म साताऱ्याचा, सासुरवाडी सांगलीची. त्यामुळे आमच्या घरात मोठी खरेदी आधी वर्षानुवर्षं होतच नाही, आणि होते तेव्हा तिला दोन जिल्ह्यांचे साक्षीदार लागतात.

सातारा हे पेन्शनरांचं गाव. सकाळी अजिंक्यताऱ्यावर चढून यायचं, संध्याकाळी राजवाड्यावर बसायचं, मध्ये पेपर वाचायचा; यातल्या कशालाच चाकं लागत नाहीत. गंमत म्हणजे याच गावात एके काळी वाहनं तयार होत. १९७५ साली पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि साताऱ्याच्या एमआयडीसीत ‘प्रिया’ स्कूटर बनू लागली. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायचा तो काळ. वडिलांना ती पद्धत फार पसंत होती. ‘नंबर लागेपर्यंत पैसे बँकेत राहतात आणि नंबर लागतो तोवर हौस फिटलेली असते,’ असं ते म्हणत. पुढे कंपनीनं स्कूटर बनवणं सोडलं. आज ती मुख्यतः बजाज समूहातले शेअर सांभाळणारी गुंतवणूक कंपनी आहे. साताऱ्याच्या हवेचा गुण बघा, वाहनाच्या कारखान्यालाही शेवटी उमगलं की वाहनापेक्षा पैसे गुंतवलेले बरे.

साताऱ्याजवळून वाहणारी कृष्णा नदी पुढे सांगलीला जाते, पण तिथं पोचेपर्यंत तिला व्यापाराची चव लागलेली असते. हळद, गूळ, बेदाणा यांच्या सौद्यांवर वाढलेलं हे गाव. त्यात नाट्यपंढरी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं ‘सीतास्वयंवर’ रंगवलं तेव्हापासूनचं नाटकाचं अंग आता रंगमंचापेक्षा दुकानाच्या काउंटरवर जास्त दिसतं. माझे सासरे, म्हणजे माझे मामा आणि बायकोचे अण्णा, हळदीच्या अडत पेढीवर हयात घालवलेले. दुकानातून रागानं निघून जाताना नेमक्या कितव्या पायरीवर हाक ऐकू येईल, हे ते चप्पल घालतानाच सांगतात.

आमच्या जुन्या गाडीनं गेल्या वर्षी रामराम म्हटलं आणि नवीन घ्यायची ठरली. ऑगस्टमध्येच छोट्या गाड्यांवरचा कर उतरणार अशी कुणकुण होती. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेनं निर्णय जाहीर केला. चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का उपकर होता. तो सगळा मिळून १८ टक्के झाला. नऊ लाखांच्या गाडीमागे साधारण पाऊण लाखाचा फरक. अंमल २२ सप्टेंबरपासून. पंचांग उघडलं तर त्या दिवशी घटस्थापना! म्हणजे ७-८ तारखेपासून पितृपक्ष, तेव्हा तसंही कुणी गाडी घेणार नाही. पक्ष संपला की कर कमी. दिल्लीत कुणीतरी दाते पंचांग जवळ ठेवूनच तारीख काढली असणार, अशी आमच्या गल्लीची खात्री पटली.

सगळे घटस्थापनेची वाट बघत बसले. मामा ऐन पितृपक्षात शोरूमला जाऊया म्हणाले.

‘अण्णा, पितृपक्षात टोकन?’ बायको दचकली.

‘टोकन म्हणजे खरेदी नव्हे. बिल घटस्थापनेचं घ्यायचं, म्हंजी कर नवा. बोलणी मात्र आत्ता करायची. आत्ता तिथं माशा मारत बसल्यात. दसऱ्याला त्येच लोक आपल्याला पाणी बी इचारणार न्हाईत.’

यात खोट काढायला जागा नव्हती. दसऱ्याला गिऱ्हाईक गाडीसाठी थांबतं. पितृपक्षात गाडी गिऱ्हाइकासाठी थांबते. शिवाय वाडवडिलांच्या पंधरवड्यात नातवानं चार पैसे वाचवले तर त्यांनाही समाधानच, असं मामांनी वर घातलं.

आधी सातारा, कराड आणि सांगली, तिन्ही ठिकाणची कोटेशनं गोळा झाली. गाडी तीच, रंग तोच, एक्स-शोरूम किमतीत नया पैशाचा फरक नाही. फरक खालच्या ओळींत. एक्स-शोरूम आणि ऑन-रोड यांच्यामध्ये जो मुलूख आहे तिथं खरी लूटमार चालते. त्यातला आरटीओचा कर सरकारी. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के. तिथं बोलायला वाव नाही. पण त्याखाली ‘हँडलिंग’ होतं, ‘अंडरकोटिंग’ होतं, ‘टेफ्लॉन’ होतं, वाढीव वॉरंटी होती आणि ‘इसेन्शियल किट’ नावाची एक पुरचुंडी होती. सांगलीच्या शोरूममध्ये मामांनी ती सोडायला लावली. पायाखालच्या मॅट, मडफ्लॅप, लिंबाच्या वासाची एक बाटली आणि डॅशबोर्डवर चिकटवायचा छोटा गणपती.

‘ह्यो गणपती कितीला?’

‘काका, तो किटमध्येच आहे.’

‘म्हंजी फुकट न्हाई. सांगलीत गणपती इकत घ्यायचा? संस्थानाचं दैवत हाय त्ये. आन् आम्ही त्येच्याच गावात हप्त्यानं घ्यायचा?’

गणपती किटमधून बाहेर आला, मागोमाग बाटली आली. ‘हँडलिंग’ म्हणजे नक्की कुणी काय हाताळलं, हे मामांनी शांतपणे विचारलं. विक्रीवाल्या पोरानं मॅनेजरकडं पाहिलं, मॅनेजरनं एसीकडं पाहिलं आणि ती ओळ पेनानं खोडली गेली. कोटेशनवर छापलेली ओळ पेनानं खोडता येते, हे पुष्कळ गिऱ्हाइकांना ठाऊकच नसतं.

मग राहिली रोख सवलत. इथं मामांनी खिशातून रुमाल काढला. जुन्या अडत बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. दोघांचे हात एका रुमालाखाली, एकानं दुसऱ्याची बोटं धरायची; किती बोटं आणि कशी दाबली त्यावरून आकडा कळायचा, शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता नाही. मामांनी टाय लावलेल्या त्या पोराचा उजवा हात धरला, वर रुमाल टाकला आणि त्याची तीन बोटं दाबली. पोराला वाटलं काकांना चक्कर येतेय. त्यानं डाव्या हातानं पाण्याची बाटली पुढं केली. मामांनी पाणी प्यायलं, रुमाल तसाच ठेवला आणि आणखी एक बोट धरलं.

‘काका, हे काय आहे?’

‘आकडा हाय. चार हजार. आता तू माझी बोटं धर.’

पोरानं घाबरत घाबरत मामांची दोन बोटं धरली. मॅनेजर उठून आला. त्याचे आजोबा मार्केट यार्डात हमाल होते म्हणे. त्याला खूण कळली. पुढची दहा मिनिटं तो आणि मामा समोरासमोर बसून गप्प होते, रुमाल मात्र हलत होता. सवलत किती मिळाली ते मामांनी आजतागायत सांगितलेलं नाही. रुमालाखालचं बाहेर बोलायचं नसतं.

इथवर सांगली जिंकत आली होती. मग फायनान्सवाला आला.

पूर्वी गाडीला कर्ज हवं तर गावच्या बँकेत जायचं. सांगलीला १९१६ ची सांगली बँक होती, साताऱ्याला १९३६ ची युनायटेड वेस्टर्न. मॅनेजर घराणं बघायचा, वडिलांची तब्येत विचारायचा आणि मग ‘कशाला घेताय गाडी?’ म्हणायचा. युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये विलीन झाली, सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये. घराणी गेली, सिबिल आला. तीनशे ते नऊशेमधला एक आकडा, आणि तो साडेसातशेच्या वर असेल तर तुम्ही खानदानी. चांगला आकडा असला की दर खाली मागता येतो हे खरं, पण मागावा लागतो; आपणहून कुणी देत नाही.

फायनान्सवाल्यानं दोन कागद ठेवले. एकावर ९ टक्के, एकावर ८ टक्के. रक्कम ८ लाख, मुदत पाच वर्षं. मामांचा हात सरळ ८ वर गेला. बायकोनं तो धरला, रुमालाशिवाय. लग्नाआधी ती पतसंस्थेत वसुली विभागात होती. कर्जदाराची सगळी सोंगं तिनं पाहिली आहेत, कर्ज देणाऱ्याचीही.

‘हे आठ फ्लॅट का?’

‘हो मॅडम, फक्त आठ.’

‘म्हणजे पाचव्या वर्षीसुद्धा व्याज पूर्ण आठ लाखांवरच?’

तो हसला. फ्लॅट दराचं सगळं मर्म त्या हसण्यात होतं. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, पण व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या रकमेवर चालू राहतं. ८ टक्क्यांनी पाच वर्षांचं व्याज ३ लाख २० हजार. आणि ९ टक्के, पण घटत्या शिलकीवर असेल, तर व्याज १ लाख ९६ हजारांच्या आसपास. म्हणजे आठ हे नवापेक्षा सव्वा लाखानं मोठे. घटत्या शिलकीच्या भाषेत तो आठ टक्के चौदाच्या घरात जातो. मामांनी जन्मभर क्विंटलमागे दोन रुपयांसाठी भांडण केलं होतं. सव्वा लाख एका शब्दात जाताना बघून त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला.

फायनान्सवाला हरणारा नव्हता. ‘मग मॅडम, नऊचंच करू, पण सात वर्षं. हप्ता कळणारसुद्धा नाही.’

‘कळणार नाही म्हणूनच विचारतेय.’

तिनं मोबाइलवर हिशेब केला. पाच वर्षांना हप्ता १६,६०७, सात वर्षांना १२,८७१. महिन्याला पावणेचार हजारांची सुटका, आणि त्या सुटकेची किंमत एकूण पंच्याऐंशी हजार रुपये जादा व्याज. शिवाय सातव्या वर्षी आपण ज्या गाडीचे हप्ते भरत असतो ती तोवर खुळखुळायला लागलेली असते.

बायकोनं तिथंच निकाल दिला. साताऱ्याच्या रीतीनं वर्षानुवर्षं न हलवलेली एक मुदतठेव मोडायची, कर्ज निम्मं करायचं, तीन वर्षांत फेडायचं. ठेवीवर मिळणारं व्याज कर्जाच्या व्याजापेक्षा कमीच, त्यावर कर वेगळा. मग ठेव सांभाळत कर्ज काढणं म्हणजे घरचं पाणी तसंच ठेवून शेजाऱ्याकडून टँकर मागवणं. मुदतपूर्व फेडीला दंड किती हे तिनं सही करण्याआधी विचारलं आणि कर्ज फिटल्यावर आरसीवरचा बोजा उतरवायला बँकेचा फॉर्म ३५ आणि ना-हरकत पत्र कधी मिळणार, हेही. सातबाऱ्यावरचा बोजा उतरवायचा राहिला की काय होतं हे आमच्या भागात शेंबड्या पोराला कळतं. गाडीचा मात्र लोक विसरतात आणि विकायच्या दिवशी बँकेच्या पायऱ्या चढतात.

विम्यावर साताऱ्याला चमकायची संधी मिळाली. शोरूमनं स्वतःचीच पॉलिसी पुढं केली होती आणि ‘बाहेरून घेतली तर कॅशलेसला त्रास होतो’ असा दमही भरला होता. विमा तिथूनच घ्यावा असा नियम नाही. बाहेरचे आकडे दाखवले, दम विरला. वर माझा नो क्लेम बोनस होता. जुन्या गाडीवर पाच वर्षं एकही दावा नाही की तो ५० टक्क्यांवर जातो, आणि तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पत्र घेऊन नव्या गाडीला लावता येतो, स्वतःच्या नुकसानीच्या विम्यापुरता. आमची जुनी गाडी कधी कुणाला घासली नव्हती, कारण ती फारशी बाहेरच निघत नव्हती. वडिलांचं तत्त्वज्ञान पहिल्यांदा रोखीत वटलं.

घटस्थापनेला गाडी ताब्यात मिळाली. आष्टा, पेठ नाका, कराड, तासवडेचा टोल करत साताऱ्याला आली. हार, नारळ, लिंबं. बघायला येणारे एकेक. कुणी टायरला बुटाचं टोक लावून बघितलं, कुणी दार उघडून पुन्हा लावून आवाज ऐकला, आणि प्रत्येकानं एकच प्रश्न केला, ‘बरोबर काय काय मिळालं?’ मामा मॅट दाखवायचे, मडफ्लॅप दाखवायचे, गणपतीची कथा साभिनय सांगायचे. बायकोनं व्याजाचे दीड लाखाच्या वर वाचवले होते, पण ते गाडीत कुठं लावून दाखवणार? एका पाहुण्यानं तिला विचारलंही, ‘वहिनी, तुमचं काय योगदान?’ ती म्हणाली, ‘चहा.’

आता फक्त नंबर राहिला होता. मामांना सांगलीचा एमएच १० हवा होता, पण मी साताऱ्याचा एमएच ११ च धरून बसलो. निदान पुढचे आकडे तरी भारी पाहिजेत, असा त्यांनी हट्ट धरला. पश्चिम महाराष्ट्रात गाडीच्या नंबरावर माणसं जीव टाकतात. चारचाकीसाठी ‘०००१’ ची सरकारी फी २०२४ मध्ये तीन लाखांवरून पाच लाखांवर गेली. मामांना एवढा मोठा नंबर नको होता, बेरीज नऊ येणारा एखादा चालणार होता. आम्ही आरटीओत गेलो. मामा खिडकीपाशी गेले, इकडंतिकडं बघितलं आणि खिशातून रुमाल काढला.

खिडकीतल्या बाईंनी मान वर केली. ‘काका, तो रुमाल आधी आत ठेवा. आवडीचा नंबर ऑनलाइन मिळतो आणि फी ठरलेली असते.’

‘काय कमी-जास्त?’

‘काही नाही.’

मामांनी जरा विचार केला. ‘मग साधाच द्या. जो येईल तो. त्येचे किती?’

‘त्याचे वेगळे काही नाहीत.’

मामांचा चेहरा साफ उतरला. ज्याचे काहीच नाहीत, त्यात कमी काय करून घेणार?