तुकडे परत न्या!

पनवेलला गाळा घेतला की पहिलं काम पार्टिशनचं. सकाळी टेम्पोतून जिप्समचे बोर्ड उतरतात. कारागीर पत्र्याचे चॅनल ठोकतो, कटरने कागदावर रेघ मारून बोर्ड कडकन मोडतो, स्क्रू पिळतो, सांध्यांवर टेप चिकटवतो. वीट नाही, वाळू नाही, पाणी मारणं नाही, वजनही विटांच्या भिंतीपेक्षा कितीतरी कमी. नद्या वाळूसाठी ओरबाडल्या जात असताना हे चांगलंच आहे. अशा ड्रायवॉलला नाकं मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही.

माझं भांडण कोपऱ्यात उरलेल्या तुकड्यांवरून आहे.

भाडेकरू बदलला की पार्टिशन तुटतं. चॅनल भंगारवाला उचलतो, कारण पत्र्याला भाव आहे. जिप्समला कुणी विचारत नाही. ते गोण्यांत भरून डेब्रिजबरोबर जातं, अनेकदा रात्री, मोकळ्या भूखंडावर नाहीतर खाडीकाठी. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. आपल्या पावसात ते भिजलं, वर ओला कचरा पडून हवा कोंडली, की जिवाणू त्यातून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. आधी सडक्या अंड्यांचा वास येतो, साठून राहिला तर हा वायू जीवही घेतो. म्हणून तर युरोपीय संघाने २००३ मध्येच ठरवलं की, कुजणाऱ्या कचऱ्यासोबत जिप्सम पुरायचं नाही.

खरं तर ते पुरायची गरजच नाही. कागद सोलून, दळून, साधारण १५० अंशांवर तापवलं की त्यातलं बरंचसं पाणी उडतं. पाणी घातलं की पुन्हा घट्ट बसतं. जुन्या बोर्डातून नवा बोर्ड होतो. हे तंत्र बोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांना आपण शिकवायला नको. त्यांतल्या जिप्रॉकचा कारखाना तर इथून फार लांब नाही, पालघर जिल्ह्यातल्या वाड्याला आहे.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या केंद्राच्या नियमांत राडारोड्याची वाढीव जबाबदारी आहे, पण ती २०,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्रकल्पांवर. गाळ्यातलं पार्टिशन त्यात कुठे बसणार?

बोर्ड उतरवून टेम्पो रिकामाच परततो. त्यात तुकड्यांच्या गोण्या गेल्या पाहिजेत. कंपन्यांनी डीलरला त्याचे पैसे द्यावेत आणि महापालिकेने प्रत्येक प्रभागात जिप्समसाठी वेगळी, छपराखालची जागा ठेवावी. तुम्ही ऑर्डर देताना एवढंच करा, डीलरला म्हणा, ‘उरलेले तुकडे परत नेणार असाल तर बोला,’ आणि तसं बिलावर लिहून घ्या.