आई, तांब्या खाली ठेव

आम्स्टलव्हेन, नेदरलँड्स

ती. आई-बाबांना सा. न.

तुम्हा दोघांचे व्हिसा आले हे कळल्यावर सई घरभर नाचली, आणि निखिलने उठून खिडकीतल्या ऑर्किडच्या कुंड्या मोजून ठेवल्या. आई, रागावू नकोस. तू कुठेही उतरलीस तरी दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून तांब्या भरतेस आणि जे हिरवं दिसेल त्याला पाणी घालतेस. पुण्याला मावशीकडे प्लॅस्टिकच्या वेलालाही तू आठवडाभर पाणी घालत होतीस, आणि मावशीला सांगायचा संकोच वाटला. मला वाटत नाही. म्हणून तुम्ही विमानात बसायच्या आधीच हे पत्र.

इथे ऑर्किड म्हणजे बहुतेक वेळा फॅलेनॉप्सिस. वाढदिवस, नवं घर, निवृत्ती, आजारपण, काहीही असो, लोक तेच घेऊन येतात. सुपरमार्केटात बटाट्यांच्या पलीकडे मिळतं. डच माणसं खिडक्यांचे पडदे ओढून घेत नाहीत, त्यामुळे बाबांना संध्याकाळी फिरताना प्रत्येक घराच्या खिडकीत दोन टोकांना दोन सारख्या कुंड्या दिसतील. आमच्याकडे मात्र खिडकी पुरत नाही. यातलं विकत घेतलेलं एकच, बाकी सगळी शेजारच्या आजींची. फुलं गळली की त्या मुळं-पानं ठणठणीत असलेलं झाड ओल्या कचऱ्यात टाकून देतात. मी आणते. निखिल आमच्या खिडकीला अनाथाश्रम म्हणतो.

तर पाणी. कुंडी पारदर्शक आहे, ती मुळं बघता यावीत म्हणून. कुंडीत माती नाही, झाडाच्या सालीचे तुकडे आहेत. हे पाहून तू 'अगं, मातीच घालायची राहिली की!' असं म्हणणार आणि सईला मागच्या अंगणात पिटाळणार, हे मला इथे बसून ऐकू येतंय. माती घालायची नाही. ही झाडं मूळची आग्नेय आशियातल्या जंगलात दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर वाढणारी. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मुळं रुपेरी-करडी दिसली की पाणी द्यायचं. हिरवी असतील तर हात मागे. साधारण आठवड्याने कुंडी दहा-पंधरा मिनिटं पाण्याच्या टबात बुडवायची, मग पूर्ण निथळू द्यायची. वरून धार धरायची नाही. पानांच्या मधोमध जिथून नवं पान फुटतं तिथे पाणी साचलं तर तो गाभाच कुजतो, आणि या झाडाला वाढायला तेवढा एकच शेंडा असतो. कुंडीबाहेर हवेत लोंबणारी मुळंही त्याचीच आहेत. ती खोचायची नाहीत, कापायची तर नाहीतच.

तांदळाचं धुवण, चहाचा चोथा आणि ताक, या तुझ्या तिन्ही औषधांची मला पूर्ण कल्पना आहे. ती कढीपत्त्याला दे. तो स्वयंपाकघरात आहे, मरतुकडा आहे, तुझीच वाट बघतोय.

आता देवपूजा. फॅलेनॉप्सिसचं फूल झाडावर दोन-तीन महिने टिकतं. तू ते खुडणार, हे गृहीत धरून सईने आधीच तोडगा काढलाय: अख्खी कुंडीच देवासमोर ठेवायची. पण मग दीड महिन्यापूर्वी उमललेलं फूल शिळं की ताजं, असा प्रश्न तिने विचारला. मी सांगितलं, आजी आली की विचार. एक आधीच सांगते, वास नाही. बहुतेकांना नसतोच. तू पहिल्यांदा नाक लावशील, मग माझ्याकडे बघशील, म्हणून कळवून ठेवलं.

नैवेद्याची केळी आणि सफरचंदं मात्र कुंडीजवळ नकोत. पिकत्या फळातून इथिलीन वायू सुटतो. आढीतला एक आंबा शेजारच्याला पिकवतो तो याच्याच जोरावर. या वायूने ऑर्किडच्या कळ्या पिवळ्या पडून उमलण्याआधीच गळतात. मागच्या मोसमात निखिलने हापूसची पेटी कौतुकाने खिडकीखाली ठेवली होती. आंबे उत्तम पिकले. कळ्यांबद्दल आम्ही घरात बोलत नाही.

तुमची झोपायची खोली उत्तम आहे, फक्त थोडी गार आहे. कारण सांगायलाच हवं. या झाडाला फुलाचा दांडा यायला काही आठवडे गारवा लागतो. इथले बागायतदार पानं वाढवताना हरितगृह २८ अंशांच्या आसपास ठेवतात आणि दांडा हवा असला की १९-२० वर आणतात. आम्ही ते सप्टेंबर-ऑक्टोबरात त्या खोलीचं हीटिंग बंद ठेवून साधतो. तेव्हा दोन रजया ठेवल्या आहेत, बाबांची कानटोपी आणा. दांडे दिसू लागतील तेव्हा तुमची परतायची वेळ होईल आणि फुलं उमलतील तेव्हा तुम्ही घरी पोचलेले असाल. त्याला माझा इलाज नाही.

बाबा, इतकं नाजूक फूल दहा-बारा युरोंत कसं मिळतं, असं तुम्ही विचारलंत. ऑर्किडचं बी धुळीइतकं बारीक असतं, त्यात पोटाला काही साठवलेलं नसतं. रानात ते विशिष्ट बुरशीच्या मदतीनेच रुजतं. १९२२ साली अमेरिकेत ल्युइस नडसन यांनी बुरशीशिवाय, साखर घातलेल्या आगरावर ते रुजवता येतं हे दाखवलं. पुढे ऊतिसंवर्धन आलं आणि एकाच झाडाच्या हुबेहूब हजारो प्रती निघू लागल्या. तुम्हाला जवळच आल्समेरचा फुलांचा लिलाव दाखवते. तिथे भाव वरून सुरू होऊन खाली उतरत जातो आणि जो आधी बटण दाबेल त्याचा माल. 'थोडं उतरू दे' म्हणत बसलं की फुलांची गाडी दुसरा नेतो. दादरच्या फुलबाजारात तुम्ही जो धीर धरता तो तिथे चालायचा नाही.

आई, काकूंना निळं ऑर्किड हवंय, त्यांना समजाव. ते पांढऱ्या झाडाच्या दांड्यात रंग टोचून केलेलं असतं, पुढच्या बहराला पांढरंच येतं. शिवाय झाड बॅगेत घालून आणता येत नाही. ऑर्किडचं अख्खं कुळ रानटी जिवांच्या व्यापारावरच्या साइट्स करारात आहे, वर भारताचे वनस्पती-तपासणीचे परवाने. काकूंना चीज आणू.

येताना मेतकूट आणा. कळावे, लोभ असावा.

तुमची,
मीनल

ता. क. बाबा, परसातल्या फणसावर 'बांडगूळ माजलंय, येण्याआधी छाटतो' असं म्हणालात, ते जूनमध्ये गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांनी लोंबत होतं तेच ना? मग ती सीतेची वेणी आहे. ऑर्किडच. बांडगूळ झाडाचा रस पितं. ही फक्त फांदीवर बसायला जागा मागते, खाणं-पिणं पावसावर नि हवेवर. कोयता हातात घेण्याआधी फोटो पाठवा. आणि तिला कुणी पाणी घालतंय का, तेही कळवा.