म्या लिहिलं का?

नायगावात अनोळखी माणूस दारात आला, की पाण्याचा तांब्या देता देता त्याचं गाव, आडनाव, कुणाचा पाव्हणा, सगळं काढून घेतात. मोबाइलवर मात्र कुणीही यावं. उलट त्याला पुढच्या पाच घरी पोचतं करायची जबाबदारी आपली. कुणी हटकलंच तर उत्तर तयार : "म्या लिहिलं का? आलं तसं ढकललं."

असं ढकलत ढकलत गोष्ट कुठवर जाते? १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा रविवार. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारी टोळी ठरवून जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. भटक्यांशिवाय आपली माळेगावची जत्रा भरत नाही, पण मोबाइलनं सांगितलं की भटका लगेच चोर. त्या वर्षी देशभर फिरलेली एक क्लिप तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीची होती. शेवटी दुचाकीवाला पोरगं परत आणून सोडतो, तेवढंच कुणीतरी कापलं. कापणारा एक, ढकलणारे आपण सगळे.

मग व्हॉट्सॲपनं 'फॉरवर्डेड'ची पाटी लावली आणि एका वेळी पाचच जणांना पाठवा म्हणून भारतात मर्यादा घातली. आता पाच म्हणजे पाच माणसं थोडीच? तेव्हा ग्रुप पण चालायचे. एका ग्रुपात २५६ जण, या तेव्हाच्या हिशोबानं पाच ग्रुपात १,२८० माणसं, म्हणजे अख्खं खेडं एका अंगठ्यात. आणि ती पाटी? आपल्याकडं तिला 'भरवशाची बातमी' असं वाचतात.

ॲडमिन लोकांना २०२१ मध्ये दिलासा मिळाला. सदस्यानं काहीबाही टाकलं, तर त्यात संगनमत असल्याशिवाय ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं. आमच्या ॲडमिननं त्यातलं 'जबाबदार नाही' एवढंच पाठ केलं. अफवा पसरवली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हा मेसेज मात्र कुणी ढकलत नाही.

अलीकडं चोरांनी आपले हे कष्टही वाचवले. लग्नसराईत पत्रिका येते, फायलीच्या नावाला एपीके असं शेपूट. उघडून ॲप टाकलं, मागेल ती परवानगी दिली, की ओटीपी चोराच्या हाती आणि तीच पत्रिका आपल्याच नावानं यादीतल्या सगळ्यांना. म्हणजे ढकलायचीसुद्धा गरज नाही.

पैसे गेले तर तडक १९३० ला फोन लावायचा. जितका लवकर, तितकी रक्कम वाटेतच गोठवता येण्याची आशा जास्त. आपला गडी आधी ग्रुपवर टाकतो : 'फोन हॅक झालाय, माझी पत्रिका उघडू नका.' त्यावर अंगठ्यांची रांग, हात जोडलेले, एक 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि सगळ्यात खाली कुणीतरी विचारतं : "पण लगीन कुणाचं होतं?"